रजा आणि आरोग्यलाभ एकाच हिशोबात कसे बसवायचे : 35 माणसांच्या ऑफिसाचं उदाहरण

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा किरकोळ रजा देतो, अर्जित रजा देतो, सणांच्या सुट्ट्या देतो. आजारपणाची वेगळी पगारी रजा मात्र त्यात नाही. आजारपणातल्या पगाराची सोय राज्य कामगार विम्यात म्हणजे ईएसआयमध्ये आहे, पण तीही ठरावीक पगारापर्यंतच. म्हणून एकाच ऑफिसात दोघं तापाने आठवडाभर पडले, तर एकाला ईएसआयचा भत्ता मिळतो आणि दुसऱ्याचा पगार कापला जातो. रजेचं धोरण एचआरने लिहायचं आणि मेडिक्लेमचं अकाउंट्सने बघायचं, अशी वाटणी झाली की ही फट कोणालाच दिसत नाही.

पुढचं सगळं 35 माणसांचं ऑफिस, शोरूम किंवा डायग्नोस्टिक सेंटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तुमचा कारखाना असेल तर दुकाने कायदा लागू नाही. तिथे 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता आली असून अर्जित रजेसाठी 180 दिवस काम पुरतं.

आधी माणसांची यादी

धोरणाचा मसुदा नंतर. आधी एक शीट बनवा : नाव, रुजू झाल्याची तारीख, पगाराची फोड, ईएसआयच्या आत की बाहेर, घरातले अवलंबित. ईएसआयची मर्यादा महिना 21,000 रुपये, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी 25,000.

पगाराची फोड लागते, कारण नव्या कामगार संहितांनी (वर आलेली सुरक्षा संहिता त्यांतलीच एक) पगाराची व्याख्या बदलली. घरभाडे आणि प्रवास भत्ता पगारातून वगळतात, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीचा भाग पगारात परत धरायचा. समजा मूळ पगार 12,000, घरभाडे भत्ता 8,000, प्रवास भत्ता 6,000, एकूण 26,000. वगळलेले झाले 14,000, निम्मे होतात 13,000. वरचे 1,000 मूळ पगारात मिळवले की पगार 13,000 ठरतो. ‘सव्वीस हजार घेतो म्हणजे बाहेर’ असं समजून सोडलेला माणूस या व्याख्येनुसार मर्यादेच्या आत येतो. अशी नावं पगार सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या.

दुसरी नेहमीची चूक पगारवाढीच्या वेळी होते. ईएसआयचे वर्गणीचे काळ दोन : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. जुलैत पगार 20,000 वरून 22,500 झाला, तर वर्गणी लगेच थांबवायची नाही. 30 सप्टेंबरपर्यंत, आणि तीही पूर्ण 22,500 वर, भरायची. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ओलांडताच कपात बंद होण्याची सेटिंग असेल तर ती आधी बदला.

ईएसआयचा भत्ता आणि तुमची रजा यांची सांगड

मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, कर्मचाऱ्याचा 0.75. म्हणजे 18,000 पगारावर 585 आणि 135, मिळून 720 रुपये, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी संबंधित वर्गणीकाळात 78 दिवसांची वर्गणी लागते.

इथे तीन गोष्टी अडतात. पहिली : आजारपणाच्या सुरुवातीच्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आलं, तर ही अट पुन्हा लागत नाही. दुसरी : नव्या माणसाला दवाखाना पहिल्या दिवसापासून मिळतो, रोख भत्ता मात्र नऊ महिन्यांनंतर. तिसरी सगळ्यांत जास्त नडते. ज्या दिवसाची पगारी रजा दिली, त्या दिवसाचा ईएसआय भत्ता मिळत नाही. चांगुलपणाने हजेरीपटावर सलग दहा दिवस पगारी रजा मांडली आणि कर्मचाऱ्याने तिकडे दावाही केला, की पडताळणीत दावा अडकतो.

म्हणून धोरणात स्पष्ट लिहा : ईएसआयमधल्या माणसाला पहिले दोन दिवस कंपनीची पगारी रजा, तिसऱ्या दिवसापासून ईएसआयचं प्रमाणपत्र असेल तर हजेरीपटावर ‘ईएसआय रजा’, पगार शून्य. हा आजारभत्ता सुरू असताना कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, हेही त्याच कलमात घाला. मॅनेजर लोक नेमकं हेच विसरतात.

कायद्याच्या रजा

किरकोळ रजा वर्षाला 8, दर तिमाहीला 2 जमा. वर्षअखेर उरलेल्या बुडतात. अर्जित रजा मागच्या वर्षी 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांना एक. 280 दिवस भरले तर 14. शिल्लक 45 पर्यंत साठते. रजा मागूनही नाकारली असेल, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. त्यामुळे ‘आत्ता नको, मार्चनंतर बघू’ असं तोंडी सांगणं बंद करा. नकार लेखी, तारखेसह आणि कारणासह.

सणांच्या पगारी सुट्ट्या 8 : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि कर्मचाऱ्यांशी ठरवून आणखी चार. या चार सुट्ट्या नवं वर्ष सुरू होण्याआधी ठरायला हव्यात. पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन ही यादी सवयीने होते. पण कर्मचाऱ्यांत कोणाला 14 एप्रिल, कोणाला ईद, कोणाला नाताळ हवा असतो, तेव्हा आधी विचारा. मुंबई-ठाण्यात गणपतीला अर्धं ऑफिस कोकणात जातं, हे दर वर्षी ठाऊक असूनही अर्ज आदल्या आठवड्यात येतात. त्या काळाच्या अर्जांची शेवटची तारीख 30 जून ठेवा आणि गाडीची तिकिटं काढण्याआधी मंजुरी घेण्याची अट घाला.

मतदानाची पगारी सुट्टी या आठांत धरू नका. ती लोकप्रतिनिधित्व कायद्याने वेगळी आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना अंतर्गत समितीच्या शिफारशीने तक्रारदार महिलेला मिळणारी तीन महिन्यांपर्यंतची रजाही तिच्या खात्यातून वजा करायची नाही.

फट बुजवणारी आजारपणाची रजा

आमच्या मते वर्षाला 7 दिवस सगळ्यांना द्यावेत. ईएसआयबाहेरच्यांना त्याची गरज उघड आहे. आतल्यांना ते पहिले दोन दिवस आणि पहिले नऊ महिने भागवायला लागतात. दोन दिवसांपर्यंत डॉक्टरचा दाखला मागू नका. एका दिवसाच्या जुलाबासाठी दाखला मागितला की माणूस ती किरकोळ रजा म्हणून टाकतो आणि तुमची नोंद खोटी होते. तीन दिवसांपासून दाखला घ्या. उरलेले दिवस 21 पर्यंत साठू द्या, पण त्यांचे पैसे देऊ नका. पैसे दिले की लोक ताप घेऊन कामावर येतात.

बाळंतपण

पगारी रजा 26 आठवडे, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त 8. दोन किंवा अधिक हयात मुलं असतील तर 12 आठवडे. गर्भपात झाल्यास 6 आठवडे. ईएसआयमधल्या महिलेचा पगार महामंडळ देतं. आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून 70 दिवसांची वर्गणी लागते. बाहेरच्या महिलेचा पगार तुम्ही द्यायचा. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवसांचं काम पुरतं. त्यातला प्रसूतीपूर्व भाग आगाऊ आणि उरलेला प्रसूतीचा पुरावा मिळाल्यापासून 48 तासांत देणं बंधनकारक आहे. महिन्याच्या पगारासोबत हप्त्याहप्त्याने देण्याची पद्धत चुकीची आहे.

मेडिक्लेममधलं ‘मॅटर्निटी कव्हर’ रुग्णालयाच्या बिलासाठी असतं. रजेच्या पगाराशी त्याचा संबंध नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी झाले की पाळणाघराची सोय लागते. 35 वरून वाढत असाल तर जागेचा करार करतानाच हे बघा.

ग्रुप मेडिक्लेम घेताना

एजंट विमारकमेवर बोलत राहतो. तुम्ही रूम भाड्याच्या मर्यादेवर बोला. मर्यादा रोज 5,000 आणि खोली 8,000 ची घेतली, तर वरचे 3,000 कापून प्रकरण मिटत नाही. शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी, नर्सिंग यांसारखे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही पाच-अष्टमांश प्रमाणातच मंजूर होतात. असे खर्च 2,00,000 असतील तर 1,25,000 मिळतात. उरलेले 75,000 माणूस खिशातून भरतो आणि राग कंपनीवर काढतो. औषधं, इम्प्लांट आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही. विमारक्कम 5 लाखांवरून 4 लाखांवर आणावी लागली तरी चालेल, पण ‘सिंगल एसी रूम, रकमेची मर्यादा नाही’ असं लिहून घ्या.

आणखी चार कलमं मागा : आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून, 30 दिवसांचा सुरुवातीचा प्रतीक्षा काळ माफ, नवजात बाळ जन्मापासून समाविष्ट, आणि आईवडिलांचा हप्ता कर्मचाऱ्याने भरायचा असेल तर तो पर्याय. आईवडिलांना सरसकट घेतलं की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात ते जाणवतं, कारण नूतनीकरणाचा दर दाव्यांवरून ठरतो.

ईएसआयमधल्यांना मेडिक्लेम देऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. परवडत असेल तर 2 लाखांचं छोटं कव्हर द्या; रात्री-अपरात्री जवळच्या रुग्णालयात जाता येतं. आणि ज्या दिवशी माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो, म्हणजे बहुधा 1 एप्रिल किंवा 1 ऑक्टोबर, त्याच तारखेपासून त्याचं पूर्ण कव्हर सुरू व्हायला हवं.

दर महिन्याची शिस्त

दर 5 तारखेच्या आत मागच्या महिन्यात आलेले, गेलेले, लग्न झालेले आणि बाळ झालेले यांची यादी विमा कंपनीला पाठवा. बऱ्याच पॉलिसींत लग्न किंवा जन्म कळवायला 30 दिवसांची मुदत असते. ती गेली की नाव थेट नूतनीकरणाला चढतं. विमा कंपनीकडच्या ठेव खात्यात रक्कम शिल्लक आहे ना, तेही त्याच दिवशी पाहा. खातं रिकामं असेल तर नवीन नाव चढत नाही, आणि हे कळतं ते माणूस रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर उभा असताना. 15 तारखेला ईएसआय. तिमाही संपली की प्रत्येकाला रजेची शिल्लक लेखी द्या.

कोणी राजीनामा दिला तर वेतन संहितेनुसार पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, तेव्हा रजावही रोजच्या रोज भरलेली हवी. मेडिक्लेममधून नाव शेवटच्या दिवसानंतर काढा, नोटीस दिल्या दिवशी नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय त्याला नोटीस काळातच लेखी कळवा. साठीच्या आईवडिलांना किंवा मधुमेह असलेल्या माणसाला बाहेर नव्याने पॉलिसी मिळवणं किती जड जातं, हे तो सहसा नोकरी सोडल्यावरच बघतो.