फायरवॉलच्या ट्रॅफिक मॉनिटरमध्ये तारखेचा फॉरमॅट बदलताय? या चुका टाळा

तारखेचा फॉरमॅट म्हणजे नुसता दिसण्यापुरता असं समजून लोक दोन मिनिटांत बदलून मोकळे होतात, आणि मग खरंच लॉग, म्हणजे नेटवर्कच्या दारावर बसून ये-जा तपासणाऱ्या फायरवॉलच्या नोंदी, बघायची वेळ आली की फोन येतो. त्याच त्याच चुका बघून कंटाळलोय म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे महिना आधी की दिवस आधी हे न बघणं. अमेरिकन फॉरमॅट असेल तर ५ जुलै हा ०७/०५ असा येतो आणि आपल्याकडे तो ७ मे वाचला जातो. एका कारखान्याचं नेटवर्क मी बघत होतो, ५ जुलैच्या रात्री भरपूर डेटा बाहेर गेलाय अशी तक्रार आली. मी जुलैच्या लॉगची सीएसव्ही फाइल काढली, एक्सेलमध्ये उघडली, सॉर्ट केली, ५ जुलैची एकही ओळ नाही. मालकांना सांगून टाकलं की फायरवॉलमधून काही गेलेलं नाही, आणि संशय नाईट शिफ्टच्या पोरावर गेला, पेनड्राइव्हवर नेलं असणार म्हणून. दोन दिवस त्याची चौकशी चालली. तिसऱ्या दिवशी तीच शीट परत बघताना दिसलं की काही तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटल्यात आणि १३ पासून पुढच्या सगळ्या डावीकडे. एक्सेलने पहिल्या बारा तारखा आपल्या भारतीय सेटिंगप्रमाणे उलट्या वाचल्या होत्या, आणि तेरावा महिना नसतो म्हणून ०७/१३ नुसता मजकूर म्हणून सोडून दिला होता. ५ जुलैचं सगळं ट्रॅफिक ७ मे मध्ये जाऊन बसलेलं. त्या पोराची माफी मागितली, पण ते दोन दिवस त्याने कसे काढले असतील ते आजही डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी सगळीकडे २०२४-०७-०५ असंच ठेवतो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. साधा मजकूर म्हणून सॉर्ट केलं तरी क्रम बरोबर लागतो.

दुसरी चूक कॉपी-पेस्टवाल्यांची. लिनक्सच्या स्ट्रिफटाइममध्ये (strftime, तारीख-वेळ कशी लिहायची ते ठरवणारं फंक्शन) टक्क्यापुढचा छोटा एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटं, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नेमकं उलटं, मोठा एम महिना. कुठूनतरी उचलून चिकटवलं की लॉगमध्ये १४:०७:२१, १४:०७:४८, १५:०७:०३ असं येतं, जुलैभर मिनिटं सातवरून हलतच नाहीत आणि कोणाच्या लक्षात येत नाही. जावामध्ये वर्षासाठी मोठे वाय टाकले तर आणखी वेगळं, ते आठवड्याचं वर्ष असतं, म्हणजे ३० डिसेंबर २०२४ ला चक्क २०२५ दिसतं. अरे, डॉक्युमेंटेशनचं एक पान वाचायला पाच मिनिटं लागतात, तेवढी तरी काढा.

बारा तासांचं घड्याळ ठेवून एएम-पीएम विसरू नका. चोवीस तासांचंच ठेवा.

टाइमझोन लिहिलेला हवाच. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा, दुसऱ्या दिवशीचा दीड, तारीखच बदलते. घड्याळ चुकीचं असेल तर फॉरमॅट कितीही देखणा असला तरी उपयोग नाही, आधी एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवून घेणारी सोय, चालू करा.

पीएफसेन्स या फुकट मिळणाऱ्या फायरवॉलच्या लॉगचा डिफॉल्ट म्हणजे बीएसडी नावाचा जुना फॉरमॅट, त्यात वर्षही नाही आणि टाइमझोनही नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, म्हणजे फेब्रुवारीत बसून ऑगस्टचे लॉग बघताना वर्ष लागतंच. सिस्टिम लॉग्जच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आरएफसी ५४२४ हा नवा लॉग फॉरमॅट निवडा, वर्ष आणि टाइमझोन दोन्ही येतं.

टीसीपीडम्प (नेटवर्कवरचं ट्रॅफिक पकडून दाखवणारी कमांड) चालवताना चार छोटे टी (-tttt) लावा, तारखेसकट वेळ मिळते.

आणि फॉरमॅट बदलण्याआधी हे लॉग पुढे कोण वाचतंय ते बघा. पार्सर, म्हणजे लॉग वाचून अलर्ट काढणारा प्रोग्रॅम, जुन्या फॉरमॅटवर बांधलेला असेल तर तो गुपचूप बंद पडतो, अलर्ट येत नाहीत आणि सगळं शांत आहे असं वाटतं. मी शुक्रवारी संध्याकाळी हे काम कधीच करत नाही. सकाळी बदलतो, मग मोबाईलमधलं घड्याळ शेजारी धरून नवीन आलेली एक ओळ पूर्ण वाचतो, आणि मुद्दाम एक ब्लॉक होणारं कनेक्शन मारून अलर्ट येईपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.