लेक मिशिगनवर सहकुटुंब मासेमारी: बोट सुटण्याआधीच होणाऱ्या चुका

लेकच्या पूर्व काठावरच्या, मिशिगन राज्यातल्या साउथ हेवनच्या धक्क्यावर गाडी लावली तेव्हा डॅशबोर्डवर ४.५० वाजले होते आणि मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो. पाचची बोट, दहा मिनिटं हातात, मुलं मागे गाढ झोपलेली, आई-बाबा स्वेटर घालून तयार. समोर कॅप्टन उभा. त्याच्या हातातला कॉफीचा कप केव्हाच रिकामा झाला होता आणि त्याच्या घड्याळात ५.५० झाले होते.

इलिनॉयमधून इंडियाना ओलांडून मिशिगन राज्यात शिरलं की घड्याळ एक तास पुढं जातं. लेकच्या पश्चिमेला शिकागो आणि मिलवॉकीची वेळ एक, पूर्व किनाऱ्याची दुसरी. फोन आपोआप बदलतो, जुन्या गाडीचं घड्याळ नाही. चार तासांच्या ट्रिपमधला पाऊण तास तिथंच गेला, आणि पहाटेचा तो पाऊण तास मासा लागण्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगला. शिकागोहून मिशिगनच्या बाजूला जाणार असाल तर वेळ ठरवताना ‘तुमचे पाच की आमचे पाच’ एवढं तोंडानं विचारून घ्या.

त्यानंतर चार उन्हाळे आम्ही गेलो. एक लक्षात आलंय: मासा गळाला लावायचं काम कॅप्टन करतो आणि ते तो चोख करतो. ट्रिप बिघडते ती आपल्या माणसांच्या बाबतीत आपण जे विचारायचं विसरतो त्यामुळे.

‘बाळाला काय मोजायचं?’

मोजायचं. इथल्या बहुतेक चार्टर, म्हणजे कॅप्टनसकट भाड्यानं मिळणाऱ्या, बोटींच्या कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा जो परवाना असतो त्यावर सहाच प्रवासी नेता येतात, आणि मांडीवरचं तान्हं बाळ हाही एक प्रवासी. ‘आम्ही सहा आणि एक छोटी’ हे आपल्याकडच्या रिक्षात चालतं. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर दोन बोटी घ्या किंवा मोठी बोट असलेला कॅप्टन शोधा. धक्क्यावर जाऊन घासाघीस करू नका. त्याचा परवाना पणाला लागलेला असतो.

मुलांसाठी लाइफ जॅकेट बोटीवर असतं, पण वजन आधी कळवा. मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकतं आणि हनुवटीवर येऊन बसतं. आपलं मापाचं असेल तर घरूनच न्यावं.

तारीख धरताना कालनिर्णय पाहिलंत का?

गंमत म्हणून लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये लेकच्या दक्षिण टोकाला, म्हणजे शिकागो आणि मिशिगन सिटीच्या आसपास, कोहो सामन मिळतो. तो आकारानं आटोपशीर, मुलांच्या हाताला झेपणारा. पाणी तापायला लागलं की तो उत्तरेकडे सरकतो. मोठा चिनूक सामन, ज्याला इथं किंग म्हणतात, त्याचा खरा हंगाम जुलै-ऑगस्ट आणि जागा मिलवॉकी, शेबॉयगन, पलीकडे लडिंग्टन. नेमका त्याच सुमारास आपला श्रावण येतो. भारतातून आलेले आई-वडील श्रावण पाळत असतील तर पाच-सहा किलोचा किंग पकडून थेट फ्रीजरमध्ये जातो आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. आमच्याकडे झालंय.

मुलं सात-आठ वर्षांच्या खालची असतील तर मेमधली चार तासांची ट्रिप घ्या. सहा तासांची स्वस्त पडते असं वाटतं, पण शेवटचे दोन तास ‘घरी कधी जायचं’ ऐकण्यात जातात. फक्त मेमध्ये थंडीचं भान ठेवा. किनाऱ्यावर टी-शर्ट पुरेल असं ऊन असतं आणि आत पाणी अजून हिवाळ्यातलंच. कानटोपी न्यायला लाजू नका.

लायसन्स कुणाला?

जो प्रौढ रॉड हातात घेणार त्या प्रत्येकाला. नुसतं बघणाऱ्याला नको. मुलांची सूट राज्याप्रमाणे बदलते: इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमध्ये सोळाच्या आतल्यांना लागत नाही, मिशिगनमध्ये सतराच्या, इंडियानात अठराच्या. पाहुणे म्हणून आलेल्या आजोबांनाही परराज्यातल्यांचं लायसन्स काढावं लागतं. एक-दोन दिवसांचं मिळतं. सामन-ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, लागतो का, तेही कॅप्टनला विचारा. आदल्या रात्री ऑनलाइन काढून फोनमध्ये ठेवा, कारण पहाटे पार्किंगमध्ये रेंज रडते.

कॅप्टन ‘नाही’ म्हणाला की वाद

ऊन पडलंय, आकाश निळं, आणि कॅप्टनचा मेसेज: आज रद्द. चिडायला होतं. पण या पाण्याचा आकार ध्यानात घ्या. जवळपास ५८,००० चौरस किलोमीटर पसारा, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. तळं म्हणायला जीभ रेटत नाही. किनारा दिसेनासा होतो. इथं सगळा खेळ वाऱ्याचा. पश्चिमेचा वारा असेल तर शिकागो-मिलवॉकीकडचं पाणी किनाऱ्याजवळ शांत राहतं आणि मिशिगनच्या बाजूला लाटा उसळतात. पूर्वेचा असेल तर उलट. हवामान खात्याच्या सागरी अंदाजात लाटेची उंची फुटांत दिलेली असते. एक-दोन फूट असेल तर निर्धास्त जावं. चार फूट दिसलं तर मुलांना घेऊन जाण्यात काही अर्थ नाही, मग कॅप्टन तयार असला तरी.

बाबांनी इथं एक प्रश्न विचारला होता. सामन हा समुद्रातला मासा, गोड्या पाण्यात कसा? त्याचं उत्तर आणि वाऱ्याची गोष्ट एकच आहे. लॅम्प्री नावाचा रक्तशोषक जीव लेकमध्ये घुसला आणि १९४०-५०च्या दशकांत त्यानं इथल्या मूळच्या लेक ट्राउटचा फडशा पाडला. मोठा मासा उरला नाही, तेव्हा बाहेरून आलेल्या एलवाइफ या छोट्या मासळीची संख्या बेसुमार वाढली आणि ती मरून किनाऱ्यांवर सडायला लागली. हॉवर्ड टॅनर नावाच्या मिशिगनच्या मत्स्य अधिकाऱ्यानं १९६६ साली पॅसिफिककडचा कोहो इथं सोडला, पुढच्या वर्षी चिनूक आला. कोहो एलवाइफ खाऊन असा फुगला की लोक मिळेल त्या होडीनं पाण्यात उतरले. २३ सप्टेंबर १९६७ला मिशिगनच्या किनाऱ्यावरच्या प्लॅट बेच्या परिसरात वादळ आलं आणि सात जण बुडाले. धोक्याचा इशारा दिलेला होता.

एक मात्र बुकिंग करतानाच विचारून ठेवा: कॅप्टननं रद्द केलं तर आगाऊ रकमेचं काय, आणि आपण रद्द केलं तर काय. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात.

‘मला बोट लागत नाही’

हे वाक्य बाबांचं. आयुष्य रत्नागिरीत गेलेलं, मिरकरवाड्याच्या तांडेलांबरोबर कितीदा समुद्रात गेलेले. त्यांनी आधी भरती-ओहोटीची वेळ विचारली (इथं ती जाणवण्याइतकी नसतेच), बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी नाकारली आणि तासाभरात कठड्याला धरून बसले. समुद्राची लाट लांब असते, माणूस तिच्यावर हळूहळू वर-खाली होतो. लेकची लाट आखूड, एकामागून एक धक्के देणारी. त्यात बोट माशासाठी तासाला दोन-तीन मैलांच्या वेगानं रांगत असते, त्यामुळे ती जास्तच डुलते. वेगानं जाताना काही होत नाही, इंजिन मंदावलं की पोट ढवळायला लागतं.

मेक्लिझिनसारखी गोळी निघायच्या किमान तासभर आधी घ्यायची असते. ढवळायला लागल्यावर गिळून फार उपयोग नाही. मुलांना आणि इतर औषधं चालू असलेल्या वडीलधाऱ्यांना ती चालते का, किती चालते, हे डॉक्टरांना आधीच विचारा, झोपही येते. उपाशीपोटी जाऊ नका आणि मिसळ खाऊनही नको. दडपे पोहे किंवा कोरडी पोळी बरी. आलेपाक आईनं दिला होता. त्यानं किती फरक पडला देव जाणे, पण तोंडाची चव बरी राहिली.

तरीही बोट लागलीच, तर आत केबिनमध्ये जाऊन आडवं होणं ही चूक सगळेच करतात. आत क्षितिज दिसत नाही, त्रास दुप्पट होतो. बाहेर, बोटीच्या मध्याजवळ, डिझेलच्या धुरापासून दूर बसायचं आणि नजर लांब किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर. फोन खिशात. उलटी होणार असं वाटलं तर वारा पाठीवर घ्या, तोंडावर नाही. आणि कॅप्टनला लवकर सांगा. लाटांच्या दिशेनं बोट वळवली तरी बराच फरक पडतो, पण त्याला कळलं तर तो वळवेल.

मासा लागला आणि सुटला

इथं गळ टाकून वाट बघत बसायचं नसतं. आठ-दहा रॉड बोटीच्या मागे आणि बाजूंना लावलेले असतात, प्रत्येकाची दोरी वेगळ्या खोलीवर. कुठला तरी वाकतो, खलाशी ओरडतो आणि रॉड तुमच्या हातात येतो. मग सगळे मिळून घाई करतात.

माझ्या मुलीचा पहिला मासा असाच गेला. मासा पळत होता, रील कर्रकर्र करत दोरी सोडत होतं आणि मी मागून ‘फिरव, फिरव’ म्हणून ओरडत होतो. दोरी बाहेर जात असताना हँडल फिरवून काही जवळ येत नाही. आणि तिनं दमून रॉडचं टोक झपकन खाली टाकलं, दोरी सैल पडली, गळ निसटला.

दुसऱ्या खेपेला खलाशानं तिला एक युक्ती दिली. या रीलवर किती फूट दोरी बाहेर आहे त्याचा छोटा आकडा असतो. तो तिनं मोठ्यानं वाचायचा. आकडा वाढतोय तोवर नुसतं धरून ठेवायचं, थांबला की फिरवायचं. ‘एकशे ऐंशी... एकशे ऐंशी... एकशे शहाण्णव, आजोबा, तो पळतोय!... एकशे नव्वद...’ पंधराएक मिनिटं हे चाललं होतं आणि मोजता मोजता ती दमायचं विसरली. मासा जाळ्याजवळ आला की पुढं वाकून बघायचा मोह होतो. तेव्हा उलट केबिनकडे मागे सरकायचं, म्हणजे मासा जाळ्याकडे येतो.

ब्रेकच्या चाकाला, म्हणजे ड्रॅगला, हात लावू नका. तासभर काहीच लागलं नाही तर कॅप्टनला ‘जागा बदला’ सांगू नका. मुलांना खाऊ द्या. खाऊत केळी मात्र नकोत. बोटीवर केळं अपशकुनी, असं इथले कोळी मानतात. आईच्या पिशवीतून डझनभर निघाली तेव्हा खलाशाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

‘तुकड्या करून द्या’ हे आधी सांगा, पण कसल्या?

परतल्यावर खलाशी दहा मिनिटांत मासे साफ करतो आणि काही न बोलता काटे-डोकी कचऱ्यात टाकून गुलाबी पट्ट्या पिशवीत भरतो. आई हादरली. डोकं गेलं म्हणजे कालवणाचा जीव गेला. सुरमईसारख्या आडव्या तुकड्या हव्या असतील तर धक्क्याला लागण्याआधी सांगावं लागतं, आणि हातानं करून दाखवावं लागतं.

पण इथं मी आईच्या विरुद्ध आहे. लेक मिशिगनच्या मोठ्या माशांत पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं सापडतात. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९मध्ये बंदी आली, तरी ती पाण्याच्या तळाशी आणि माशाच्या चरबीत टिकून आहेत. चरबी असते कातडीखाली, पाठीच्या कण्यालगत आणि पोटाच्या भागात. म्हणून सल्ला असा की कातडी आणि चरबी काढावी आणि जाळीवर भाजावं, म्हणजे उरलेली गळून जाते. आपण नेमकं उलटं करतो: कातडीसकट तुकडी, पोटाचा भाग आवडीनं, आणि सगळी चरबी कालवणात. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितकं हे जास्त. लहान मुलं, गरोदर बायका आणि पुढं मूल होऊ शकेल अशा मुली-बायका यांनी कुठला मासा किती वेळा खावा, याचा तक्ता प्रत्येक राज्य काढतं. तो बघून वाटण्या करा. माशात पाराही असतो, पण तो चरबीत नसून मांसात असतो, तो कातडी काढून जात नाही, म्हणून किती वेळा खायचं याला महत्त्व.

बर्फ भरलेला मोठा कूलर गाडीतच ठेवा, बोटीवर त्यांची पेटी असते. खलाशाची बक्षिसी बहुधा भाड्यात धरलेली नसते. पंधरा-वीस टक्के रोख जवळ असू द्या.

आमच्या घरी तडजोड झाली ती अशी. कोहोच्या, म्हणजे लहान माशाच्या, कातडी काढलेल्या पट्ट्या. हळद, मीठ, आगळ, तिखट लावून अंगणातल्या ग्रिलवर. कालवण करायचंच तर इंडियन स्टोअरमधल्या गोठवलेल्या सुरमईचं. घरात तव्यावर रवा लावून सामन तळायचा प्रयोग एकदा केला होता. तेल इतकं सुटलं की धुराचा अलार्म वाजला आणि बाबा फळी घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहिले.