पेशंट एनबीएम आहे, मग थायरॉइडची गोळी कशी द्यायची?

पेशंटला एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही असं ठेवलं की नातेवाईक लगेच विचारतात, सकाळची थायरॉइडची गोळी राहिली, आता काय? घाबरू नका. गोळीतलं औषध, थायरॉक्सिन, शरीरातून फार हळू कमी होतं, निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे एरवी तब्येत ठीक असेल तर दोन-चार दिवस गोळी चुकल्याने सहसा काही बिघडत नाही. पण 5 दिवस होत आले आणि तोंडाने सुरू व्हायची चिन्हं नाहीत तर डॉक्टरांना स्वतःहून विचाराच, कारण सलाइन-अँटिबायोटिकच्या गडबडीत ही एवढीशी गोळी चार्टवरून कधी गळते ते कोणाला कळतही नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पेशंट गरोदर असेल किंवा लायोथायरोनिन (टी3, थायरॉइडचंच दुसरं औषध) घेत असेल तर मात्र पहिल्याच दिवशी सांगा; लायोथायरोनिन लवकर उतरतं.

नाकातून पोटात जाणारी नळी (रायल्स ट्यूब) असेल तर काम सोपं आहे, फक्त नीट करायचं. फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) तासभर आधी बंद, नळी पाण्याने फ्लश, गोळी एकटीच बारीक कुटून थोड्या पाण्यात कालवायची आणि लगेच द्यायची, कालवून ठेवून द्यायची नाही, औषध नळीला चिकटतं म्हणून नंतर परत फ्लश करायचं आणि फीड पुन्हा तासाभराने. कॅल्शियम, लोहाची गोळी यांच्यात 4 तासांचं अंतर हवं, नाहीतर दिलेल्यातलं काही वायाच. नळीतून फीड चालूच राहणार असेल तर डोस कमी पडतोय का हे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून डॉक्टर ठरवतील.

आतडंच चालत नसेल तर शिरेतून लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलंच औषध इंजेक्शनने. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2014 च्या गाइडलाइनप्रमाणे तोंडाच्या डोसच्या साधारण 75 टक्के, म्हणजे 100 मायक्रोग्रॅम चालू असेल तर 75. इंजेक्शन सगळीकडे स्टॉकमध्ये असेलच असं नाही, म्हणून फार्मसीत आधीच चौकशी करून ठेवा.

पेशंट सुस्त पडला, अंग गार, नाडी मंद, हाक मारली तरी नीट ओ देत नाही, असं दिसलं तर 5 दिवसांचा हिशोब विसरा, ही मिक्सिडिमा कोमाची (थायरॉइड फारच कमी पडल्याने शुद्ध हरपण्याची) इमर्जन्सी असू शकते. तिथे आयसीयूत थायरॉइडच्या औषधाच्या आधी हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) देतात, आणि म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या पेशंटला थायरॉइडच्या औषधाचा डोस जपून, कमीच.

तोंडाने सुरू झालं की जुना डोस परत चालू करायचा आणि टीएसएच 6 आठवड्यांनी करायचा, आजारपणात केलेला बरेचदा फसवा येतो.