या चुका टाळा: पात्राची सुरुवात थेट ॲडव्हान्स्ड क्लासमधून करताना

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक काल्पनिक पात्र चालवण्याच्या खेळाच्या, प्रत्येक गटात 'मला पहिल्या दिवसापासून अर्केन आर्चरच खेळायचा आहे' असा हट्ट धरणारा एखादा खेळाडू असतोच, आणि त्याचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नसते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००३ साली आलेल्या ३.५ आवृत्तीत या प्रेस्टीज क्लाससाठी (मूळ क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, काही लेव्हल वाढवल्यावरच मिळणारा वरचा, 'ॲडव्हान्स्ड' पेशा) +६ बेस अटॅक बोनस (हल्ल्याचे मूळ कौशल्य), तीन ठरावीक फीट (खास क्षमता), एल्फ किंवा हाफ-एल्फ असणे आणि पहिल्या पातळीचे अर्केन मंत्र वापरता येणे, एवढ्या अटी आहेत. फायटरच्या (योद्ध्याच्या) सहा आणि विझार्डची (जादूगाराची) एक अशा सात लेव्हल घेऊन सरळ वाटेने गेल्यास प्रवेश आठव्या लेव्हलला, म्हणजे २८,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) जमल्यावर मिळतो. महिन्यातून एकदा जमणाऱ्या गटाची मोहीम बहुधा त्याआधीच बंद पडते. म्हणून गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, हाउस रूल (गटापुरता स्वतःचा नियम) करतो, आणि इथूनच चुकांना सुरुवात होते.

सगळ्याच अटी एकदम माफ करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. प्रवेशाच्या अटी दिसायला एकसारख्या असल्या तरी त्या तीन निरनिराळी कामे करतात: काही उशीर घडवतात, काही किंमत वसूल करतात आणि काही पात्राला कथेशी बांधतात. त्याच आवृत्तीतील असॅसिन (मारेकरी) पाहा. हाइड (लपणे) आणि मूव्ह सायलेंटली (आवाज न करता चालणे) या दोन स्किलचे प्रत्येकी आठ रँक (कौशल्याच्या पायऱ्या) मागितले आहेत. क्लास स्किलची (क्लासच्या स्वतःच्या यादीतील स्किलची) कमाल मर्यादा लेव्हल अधिक तीन असल्यामुळे पाचव्या लेव्हलआधी ते होणे शक्यच नाही, म्हणजे ही अट उशिराची आहे. मारेकऱ्यांच्या संघटनेत शिरण्यासाठी, दुसरे कोणतेही कारण नसताना कोणाचा तरी जीव घेतलेला असावा, ही अट कथेची आहे. ड्वार्व्हन डिफेंडर या बचावाच्या क्लाससाठी लागणारी एन्ड्युरन्स आणि टफनेस ही फीट मात्र निखळ किंमत आहे. एरवी त्यांवर एखादी फीट खर्च करण्याचा मोह फारसा कोणाला होत नाही.

खेळाडूची तक्रार जवळजवळ नेहमी उशिराबद्दल असते, आणि गेम मास्टर भिडेखातर किंमत आणि कथाही सोडून देतो. परिणामी, ज्याने सगळ्या अटी पाळून पात्र घडवले त्याच्या शेजारी, काहीही न मोजता तेच मिळवलेले पात्र बसते. प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी आहे हे लिहून काढावे आणि फक्त उशिराच्या अटीत सूट द्यावी. या कामाला अर्धा तास पुरतो.

ॲडव्हान्स्ड क्लासला पहिली लेव्हल समजणे

दुसरा सोपा वाटणारा उपाय म्हणजे मधल्या लेव्हल गाळून, त्या क्लासची पहिली लेव्हल हीच पात्राची पहिली लेव्हल धरणे. हे क्लास या कामासाठी लिहिलेलेच नसतात, त्यामुळे निकाल दोन टोकांना जातो. ड्वार्व्हन डिफेंडरचा हिट डाय (प्राणशक्ती ठरवणारा फासा) बारा बाजूंचा आहे आणि पहिल्याच लेव्हलला दिवसातून एकदा त्याला असा पवित्रा घेता येतो की कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) चारने आणि आर्मर क्लासही (घाव चुकवण्याचा आकडा) चारने वाढतो. इतर पहिल्या लेव्हलची पात्रे त्याच्या सावलीत उभी राहतात. उलट मिस्टिक थिअर्ज या मंत्रवापराच्या क्लासचा सारा जीव 'आधीच्या मंत्रवापराच्या दोन्ही क्लासना एकेक लेव्हल जोडा' या एका ओळीत आहे. आधीचे क्लासच नसतील तर जोडणार कशाला? मी एकदा हीच परवानगी देऊन बसलो होतो, आणि त्या बिचाऱ्या खेळाडूच्या हाती चार बाजूंचा हिट डाय असलेले, एकही मंत्र नसलेले पात्र आले. पहिल्या सत्राच्या मध्यावर खेळ थांबवून ते कागदावर नव्याने बनवावे लागले.

याच सूटीत पहिल्या लेव्हलचे चौपट स्किल पॉइंटही (रँक घेण्यासाठीचे गुण) लपलेले असतात. ते कोणत्या क्लासच्या दराने द्यायचे हे आधी ठरवलेले नसेल, तर खेळाडू स्वाभाविकपणे स्वतःच्या फायद्याचा दर धरतो.

वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच चूक अधिक गुपचूप शिरते. तिथे क्लासऐवजी करिअर असतात; पात्र बनवताना पहिल्या करिअरची स्किल आणि टॅलंट (फीटसारख्या क्षमता) फुकट मिळतात; पुढच्या प्रत्येक करिअरमध्ये मात्र एकेक गोष्ट १०० एक्सपी मोजून घ्यावी लागते. ॲडव्हान्स्ड करिअरलाच 'पहिले' मानले, तर त्यातील नऊ स्किल आणि सहा टॅलंट म्हणजे १,५०० एक्सपींचा ऐवज नकळत भेट दिला जातो. मूळ बेसिक करिअर पुरे करायला लागणारी किंमत तर वेगळीच.

याच खेळात नेमका उलटा घोळही होतो. करिअरच्या तक्त्यातील वाढ ही पात्राच्या सुरुवातीच्या आकड्यापासून मोजायची असते, एकावर एक चढवायची नसते. आधीच्या करिअरमध्ये वेपन स्किल (शस्त्र चालवण्याचे कौशल्य) +१० घेतले असेल आणि नव्या करिअरच्या तक्त्यात +२५ लिहिले असेल, तर विकत घ्यायचे राहतात पाच-पाचचे तीनच टप्पे, म्हणजे ३०० एक्सपी. पाच टप्पे घेतल्यास पात्र +३५ वर पोहोचते आणि पुढची सारी लढाईची गणिते बिघडतात. वरच्या करिअरमधून सुरुवात करताना सगळे टप्पे एकाच बैठकीत लिहिले जात असल्यामुळे ही वजाबाकी हमखास राहून जाते.

मधल्या लेव्हल शेवटून सुरुवातीकडे भरणे

सर्वांनाच वरच्या लेव्हलपासून सुरू करू देणे हा माझ्या मते सर्वांत निकोप हाउस रूल आहे, मात्र त्यासाठी पात्र पहिल्या लेव्हलपासून क्रमाने बांधले पाहिजे. एकूण स्किल पॉइंट शेवटच्या बुद्धिमत्तेने गुणून एकदम वाटू नयेत. ३.५ मध्ये चौथ्या लेव्हलला वाढवलेली बुद्धिमत्ता मागील लेव्हलना लागू होत नाही. तसेच ज्या लेव्हलला नवा क्लास घ्यायचा, त्याच लेव्हलची फीट प्रवेशाच्या अटीत मोजता येत नाही. अट आधी पुरी झालेली असावी लागते.

क्रम पाळल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते. २००२ च्या डी-२० मॉडर्न या खेळातील सोल्जर या ॲडव्हान्स्ड क्लासला +३ बेस अटॅक बोनस, डावपेचांच्या ज्ञानाचे तीन रँक आणि बंदुका चालवण्याची फीट लागते. तिथल्या बेसिक क्लासपैकी स्ट्राँग हिरो तिसऱ्या लेव्हलला तिथे पोहोचतो, फास्ट हिरो चौथ्या आणि स्मार्ट हिरो सहाव्या लेव्हलला. त्यामुळे 'चौथ्या लेव्हलपासून कोणताही ॲडव्हान्स्ड क्लास चालेल' असा सरसकट नियम केला, तर ज्याने मुद्दाम वेगळ्या वाटेचा सैनिक कल्पिला होता, तोच खेळाडू दाराबाहेर राहतो. इथे लेव्हल ठरवून देण्यापेक्षा एखादीच अट उधार ठेवू देणे बरे.

सामानाचा हिशेब थोडक्यात सांगतो. ३.५ च्या तक्त्यानुसार आठव्या लेव्हलच्या नव्या पात्राला २७,००० सोन्याच्या नाण्यांचे सामान मिळते. गटातील इतरांकडे प्रत्यक्षात किती आहे ते मोजून मगच तो आकडा द्यावा किंवा कापावा.

चूक होऊन गेली असेल तर

खेळ सुरू झाल्यावर दिलेले काढून घेणे हा शेवटचा उपाय समजावा. त्याऐवजी थकबाकीची यादी करावी: पात्राने कोणत्या अटी पाळलेल्या नाहीत, ते तीनचार ओळींत कॅरेक्टर शीटवर लिहावे, आणि पुढची प्रत्येक फीट व निम्मे स्किल पॉइंट आधी त्या यादीत जमा व्हावेत. यादी संपेपर्यंत ॲडव्हान्स्ड क्लासची पुढची लेव्हल मिळणार नाही, बेसिक क्लासची मात्र घेता येईल. असॅसिनच्या बाबतीत कथेची अट राहिली असेल, तर ती पुढच्या सत्राचे कथानक म्हणून खेळवावी. माझ्या गटात तेच सत्र सर्वांत रंगले.

एक फट मात्र आधीच बुजवावी. पात्र मेल्यावर येणाऱ्या बदली पात्राला हा हाउस रूल लागू होतो की नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. तसे न केल्यास, चार महिने फायटर वाढवलेल्या खेळाडूला आपले पात्र जगवण्यापेक्षा ते एखाद्या खड्ड्यात ढकलून देणे अधिक फायद्याचे ठरते, आणि तो हिशेब त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही.