मोगऱ्याला नुसता पाला, कळी का नाही?

अंगणातला मोगरा हिरवागार, पण चैत्रात ओंजळभर कळ्याही निघत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असतं: हिवाळ्यात ना पाणी तोडलं, ना छाटणी केली. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर.

येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) तीनेक आठवडे आधी पाणी बंद करा. काळ्या रानात ओल खोल टिकते, त्यामुळे सुरुवातीला फरक दिसत नाही. पानं मलूल होऊन गळायला लागली की ताण बसला. येळवस झाली की जमिनीपासून दीड फुटावर, डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या) किंचित वर तिरका काप घ्या. वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानंही खुडा. झाड बोडकं दिसतं, दिसू द्या.

मग आळं हलकं खुरपून दोन वर्षांपुढच्या झाडाला दहा किलो कुजलेलं शेणखत, ६५ ग्रॅम युरिया, ३७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम पोटॅश द्या, लगेच पाणी सोडा. शेणखत सोडून एवढाच हप्ता पुन्हा जुलैत. कळ्या दिसल्यावर युरिया टाकायचा मोह आवरा, नाहीतर परत पालाच.

नवी लागवड पाऊस लागल्यावर करावी. दीड फुटाच्या खड्ड्यात मातीसोबत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. चिकट काळ्या मातीत पाणी साचलं की मुळ्या सडतात. दिवसातून सहा तास तरी ऊन हवंच.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा त्रास वेगळा. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडलंय. (जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र.) चुनखडीच्या मातीत टाकलेलं लोह अडकून बसतं, म्हणून फवारणीच करा: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर.

कळी जांभळट होऊन तिला बारीक छिद्र दिसलं की आत अळी आहे. अशा कळ्या तोडून नष्ट करा, झाडाखाली टाकू नका. एप्रिल-मेमध्ये पानं फिकट, खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. गंधक चालतं, पण चाळीसच्या उन्हात मारलं तर पानं करपतात.