मानव विकास शिकताय? आधी निरीक्षणाची वही धरा

मानव विकास हा विषय घेतला की पहिल्याच आठवड्यात सगळ्याजणी पियाजे, एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत घोकायला बसतात. बसू नका. एरिक्सनचे माणसाच्या वाढीचे ८ टप्पे एका रात्रीत पाठ होतात. मुलांच्या निरीक्षणाची वही एका रात्रीत भरत नाही, आणि भरलीच तर तपासणाऱ्या बाईंना पहिल्या पानावर कळतं. मी ऐरोलीत पाळणाघर चालवते आणि ते सांभाळूनच शिकले. जुहूला एसएनडीटीत रोज जाणं जमत असेल तर उत्तमच. नाहीतर इग्नूची बालशिक्षणाची पदविका बारावीनंतर घरून करता येते. प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प मात्र तिथेही चुकत नाही.

साधी शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकू आलं ते. तुम्हाला काय वाटलं ते उजवीकडे. ‘मुलगा हट्टी आहे’ हे डावीकडे चालणार नाही. माझ्या वहीतलं हे बघा:

‘११.१०. क (३ वर्षं ४ महिने) ठोकळे रचतोय. र-ने निळा ठोकळा घेतला. क-ने दोन्ही हातांनी ओढला, “माझाय तो!” र-ने सोडला नाही. क खाली बसला, चपलेचा पट्टा उघडत-लावत राहिला. ११.१४. पिवळा ठोकळा उचलून र-समोर धरला.’

सव्वातीन वर्षांचं पोर अदलाबदलीचा सौदा करतंय! आधी स्वतःला शांतही केलंय, त्या पट्ट्याशी खेळून. ‘हट्टी’ लिहून वही मिटली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

दहा मिनिटं पुरतात. पेननेच लिहा, मोबाइल काढला की पोरं गोळा होतात. आईवडिलांची परवानगी आधी घ्या, आणि मुलाचं खरं नाव लिहू नका.

मूल विचार कसं करतं हा पियाजेचा भाग; त्यासाठी ताक आणि काचेचे तीन ग्लास बास. दोन सारख्या ग्लासांत सारखं ताक ओता, मग एकातलं मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात. ‘कशात जास्त?’ ताक तेवढंच असूनही चार वर्षांची मुलं बहुधा उंच ग्लास दाखवतात. चूक दुरुस्त करायला जाऊ नका (आपल्याला फार घाई असते). ‘तुला कसं कळलं?’ विचारा आणि उत्तर शब्दशः उतरवा. मग आठ वर्षांच्या ताई-दादाला तेच विचारा.

कुटुंबाच्या भागात मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनरची वर्तुळं येतात, मुलाभोवतीच्या जगाचे थर दाखवणारी, १९७९च्या पुस्तकातली. मुली अडतात त्या एक्झोसिस्टिमपाशी: जिथे मूल कधी पाऊल ठेवत नाही, तरी त्याचा दिवस तिथून ठरतो. आपल्याकडे उदाहरण शोधावंच लागत नाही. बाबांची महापेच्या कंपनीतली शिफ्ट बदलली की पाळणाघरात दुपारची झोप बिघडते. म्हणून पालकांना पगार विचारू नका. ने-आण कोण करतं, रात्रीचं जेवण किती वाजता, गावची आजी कधी येते, हे विचारा. पुस्तकातलं चौकोनी कुटुंब वहीत कोंबायची गरज नाही. घरात शिकायला आलेला मामा असेल तर त्यालाही वहीत घ्या.

परीक्षेत ताराबाई मोडकांना विसरू नका. १९४५ साली त्यांनी बोर्डीत, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा काढली. मेसोसिस्टिमच्या, म्हणजे घर आणि शाळा यांना जोडणाऱ्या थराच्या, उत्तरात हे उदाहरण चपखल बसतं.