साइड प्रोजेक्ट बाहेर काढण्याआधी कंपनीची लेखी परवानगी कशी घ्यावी

२०२७ चा नाशिकचा सिंहस्थ जवळ येतोय तसं माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामरकडे एक अर्धवट अ‍ॅप आहे. कुणी रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचं पार्किंग दाखवतंय, कुणी गर्दीत चुकलेल्या माणसांची नोंद ठेवतंय, एकीने पंचवटीतल्या धर्मशाळांची यादी केलीय. अ‍ॅप होत आलं की मला फोन येतो, "ताई, कंपनीला सांगावं लागतं का? घरीच तर केलंय." सांगावं लागतं. नुसतं सांगूनही भागत नाही. लेखी घ्यावं लागतं, आणि रिलीजच्या आधी घ्यावं लागतं. २०१७ मध्ये याच कारणावरून माझी नोकरी गेली. त्यानंतर तीन कंपन्यांमध्ये मिळून सहा प्रोजेक्ट मी रीतसर परवानगी घेऊन बाहेर काढले. ती पद्धत इथे देतेय.

१. सह्या केलेले कागद वाचा

नुसतं ऑफर लेटर नाही. अपॉइंटमेंट लेटर, त्याची सगळी परिशिष्टं, आणि रुजू झालात त्या दिवशी एचआरने पुढे सरकवलेले, न वाचता सह्या केलेले कागदही काढा. तीन कलमं शोधा: दुसरं काम करण्याबद्दलचं, तुम्ही बनवलेल्या गोष्टींच्या मालकीचं आणि गोपनीयतेचं. मालकीच्या कलमातला एकेक शब्द बघा. "नोकरीचं काम म्हणून केलेलं" आणि "नोकरीत असताना केलेलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात तुमचा रविवारही येऊ शकतो.

"आपला लॅपटॉप, आपला वेळ, म्हणजे आपलाच कोड" हा सल्ला ऐकून माझं डोकं फिरतं. तो बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात २८७० नावाचं कलम आहे, ते स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या साधनांवर केलेल्या शोधाला संरक्षण देतं. कंपनीच्या धंद्याशी संबंध असेल तर तेही देत नाही. आणि सातपूर, अंबड, सिन्नर या नाशिककडच्या औद्योगिक भागांपैकी काहीच कॅलिफोर्नियात नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. संगणक प्रोग्राम ही त्या कायद्यात साहित्यकृती आहे, आणि कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची, उलट करार नसेल तर. तुम्ही सही केलेल्या कागदाने ती हद्द आणखी वाढवलेली असू शकते. "उलट करार नसेल तर" हे शब्द लक्षात ठेवा. आपण जे पत्र मिळवणार आहोत, ते यासाठीच.

२०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं, त्याचा दाखला लोक हमखास देतात. ते लोक प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते, असं कंपनीने सांगितलं होतं. अ‍ॅप करणं म्हणजे ते नव्हे. त्याच वर्षी इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना आधी मंजुरी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला वाट करून दिली. ही दुसरी बातमी नीट वाचली तर "आधी मंजुरी" हेच शब्द हाताला लागतात.

२. कंपनीचं काहीही वापरू नका

लॅपटॉप, वायफाय, क्लाउड अकाउंट, कंपनीने पैसे भरून घेतलेलं एआय टूल, सगळं यात आलं. घरच्या मशीनवर गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) कोणता मेल आयडी घातलाय, तो आज तपासा.

३. परवानगीचं पत्र

सगळे इथेच घसरतात. मीही घसरले.

वडिलांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. माल युरोपला जाणार असेल तर कोणतं औषध कधी, किती मारलं याची नोंद लागतेच, नाहीतर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत गाडी अडकते. वडील ही नोंद कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने करायचे, आणि घाम लागून ती पुसायची. मी त्याचं अ‍ॅप केलं. कंपनीच्या गेटबाहेर चहा पिताना मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "छान आहे की, कर." मी त्याला परवानगी समजले.

चार महिन्यांनी कंपनीने खतं विकणाऱ्या एका ग्राहकाचं काम घेतलं. एका सकाळी एचआरच्या टेबलावर तीन प्रिंटआउट मांडलेल्या होत्या. अपॉइंटमेंट लेटरचं चौथं पान, त्यातल्या दोन ओळी पिवळ्या केलेल्या. अ‍ॅपचं प्ले स्टोअरवरचं पान. आणि कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या बदलांची, यादी. त्या यादीत ११ ठिकाणी माझा ऑफिसचा मेल आयडी होता, कारण दोन रात्री एक बग मी ऑफिसच्या लॅपटॉपवर सोडवला होता. मॅनेजर शेजारीच बसले होते. त्यांना टपरीवरचं बोलणं आठवत नव्हतं. दुपारी दोनपर्यंत माझं ओळखपत्र जमा झालं. रिलीव्हिंग लेटर मिळायला पाच महिने लागले. अ‍ॅप काढावं लागलं आणि ऐन हंगामात ३७ शेतकऱ्यांच्या नोंदी मध्येच तुटल्या. नोकरीपेक्षा त्याचंच मला आजही जास्त वाईट वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट, होकार कुणाचा चालतो ते शोधा. अपॉइंटमेंट लेटरवर सही कुणाची आहे आणि नियमात कोणत्या पदाचं नाव आहे ते बघा. अर्ज त्यांना जातो, मॅनेजरला प्रत. मॅनेजरचा चॅटवरचा अंगठा म्हणजे परवानगी नाही.

दुसरी गोष्ट, पत्रात दोन वेगळे प्रश्न विचारा. बहुतेक जण एकच विचारतात: "मी हे प्रसिद्ध करू का?" त्याला हो मिळालं तरी मालकीचा प्रश्न तसाच राहतो. अ‍ॅप चाललं की कंपनी म्हणू शकते, प्रसिद्ध करायला हो म्हटलं होतं, कोड आमचाच आहे. दुसरा प्रश्न हा: "यावर कंपनीचा कोणताही हक्क नाही, हे कंपनी मान्य करते का?" हा प्रश्न वगळणार असाल तर अर्ज करूच नका, इतकं माझं मत पक्कं आहे.

तिसरी, वर्णन अगदी नेमकं करा आणि कंपनीच्या कामाशी असलेली जवळीक स्वतःच सांगा. लोक उलट करतात, "काहीही संबंध नाही" असं ठोकून देतात. तुमच्या कंपनीने सिंहस्थाच्या एखाद्या कामाचं टेंडर भरलेलं असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. तेव्हा ते वाक्य खोटं ठरतं, आणि परवानगीही त्याच्याबरोबर जाते. मी साधारण असं लिहिते:

"मी द्राक्ष उत्पादकांसाठी फवारणीची नोंद ठेवणारं मोबाइल अ‍ॅप स्वतःच्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर तयार करत आहे. ते औषधाची शिफारस करत नाही, काही विकत नाही, त्यात जाहिराती नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे कंपनीचं यातलं सर्वांत जवळचं काम म्हणजे गोदामातल्या मालाची नोंद; त्यातला कोड, माहिती किंवा ग्राहक मी वापरलेले नाहीत. माझ्या नियुक्तिपत्रातील कलम अमुक नुसार (अ) हे प्रसिद्ध करण्यास लेखी परवानगी मिळावी, (ब) या अ‍ॅपवर व त्याच्या पुढील आवृत्त्यांवर कंपनीचा मालकी हक्क नसल्याचं कळवावं. पैसे आकारायचे ठरल्यास किंवा अ‍ॅपचा उद्देश बदलल्यास मी पुन्हा परवानगी घेईन. उत्तर सहीच्या पत्राने द्यावं व त्याची प्रत माझ्या वैयक्तिक मेलवर पाठवावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. नोकरीवरून काढल्यावर ऑफिसचा मेल तासाभरात बंद होतो, परवानगी त्याच इनबॉक्समध्ये राहते. आणि ऑफिसचा मेल गुपचूप घरच्या आयडीवर फॉरवर्ड करणं हाच अनेक कंपन्यांत नियमभंग असतो. प्रत त्यांनीच पाठवायला हवी.

कोड आधीच लिहून झाला असेल आणि कलमाप्रमाणे तो कंपनीचा ठरत असेल, तर नुसतं "हक्क नाही" पुरत नाही, तो तुमच्या नावे करून घ्यावा लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्याला सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही लिहून घ्या. इथे वकिलाला पैसे द्या, तासाभराचं काम आहे.

उत्तर आलं नाही तर? "पंधरा दिवसांत कळवलं नाही तर होकार समजेन" अशी ओळ टाकायचा सल्ला फार फिरतो. बिनकामाचा आहे. कलमात "पूर्व लेखी संमती" असेल तर त्यांचं गप्प बसणं म्हणजे संमती नाही, तुम्ही काहीही समजा. दर आठवड्याला एक नम्र आठवण पाठवा, मग भेटायला जा. मला सर्वांत जास्त थांबावं लागलं ते नऊ आठवडे. थांबले.

अंबडमधल्या छोट्या कंपनीत नियमही नसतात आणि लीगल विभागही नसतो. तिथे पत्र छापून घेऊन संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मालकांकडे जा. ते म्हणतील, "अगं, एवढं लिहून कशाला? मी आहे ना." मी एकदा उत्तर दिलं होतं, "साहेब, तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उद्या दादा कारखाना बघायला लागले की त्यांना हे कुठून कळणार?" त्यांनी वाचलं, "पुढील आवृत्त्यांवर" या शब्दांवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले आणि सही केली. शिक्का मारून घ्या, तारीख घाला.

आणि एक सल्ला कुणाचाही ऐकू नका: बायकोच्या किंवा भावाच्या नावाने अकाउंट काढ. परवानगी न घेणं ही चूक असते, ती कधीकधी समजुतीने मिटते. नाव लपवलं की ती फसवणूक दिसते, आणि मग तुमच्या बाजूने बोलणारा माणूस कंपनीत उरत नाही. शिवाय तुमच्यामुळे घरचं माणूस त्यात ओढलं जातं. हे मी एका घरात घडताना जवळून पाहिलंय.

४. नकार आला तर

कशाला नकार आहे ते विचारा. पुष्कळदा तो जाहिरातींना किंवा एखाद्या फीचरला असतो, ते काढून पुन्हा अर्ज करा. पूर्ण नकार असेल तर नोकरीत असेपर्यंत रिलीज करू नका.

५. रिलीज

वैयक्तिक मेल, वैयक्तिक कार्ड. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक प्ले स्टोअर अकाउंटला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तोवर पत्र येतं. कंपनीचं नाव ना अ‍ॅपच्या वर्णनात, ना लिंक्डइनवरच्या पोस्टमध्ये. पैसे मिळाले तर रिटर्नमध्ये दाखवा.

६. नोकरी बदलताना

नव्या कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी आधीच्या सगळ्या प्रोजेक्टची यादी परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा: नाव, एका ओळीत वर्णन, पहिल्या आवृत्तीची तारीख. अनेक कंपन्यांच्या फॉर्ममध्ये यासाठी मोकळा चौकोन असतोच, लोक तिथे "नाही" लिहून पुढे जातात. मी मागच्या वेळी तिथे सहा ओळी लिहिल्या. पहिली ओळ फवारणीच्या नोंदवहीची. ती २०१९ मध्ये नव्याने, पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली, आणि तिचं परवानगीपत्र वडिलांनी सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवलंय.